दागिना उलटा करून पाहताना

माझं माहेर गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून, खानापूर-आटपाडीकडून, पोटामागे बाहेर पडलेली कितीतरी माणसं देशभरच्या सराफ बाजारांत भट्ट्या घालून बसली. आमचे आप्पा त्यांतलेच. विट्याजवळच्या गावातून निघाले ते बंगळूरच्या नगरथपेटेत येऊन थांबले. हा धंदा बाहेरून सोपा दिसतो, पण जोखमीचा आहे. गिऱ्हाईक सराफाकडे जुन्या दागिन्यांची मोड घालतं, सराफ ती आमच्याकडे पाठवतो. आम्ही खडे उचकटायचे, लाख जाळायची, मुशीत टाकणखार टाकून सोनं आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि टंच काढून लगड परत द्यायची. आलेला दागिना कुणाचा, कुठला, केवढा जुना, हे विचारायला कुणालाच सवड नसे. वजन किती आणि घट किती, एवढंच बोलणं.

आज मी त्याच बाजारापासून जवळच बसते आणि नेमकं उलट काम करते. जुने दागिने गाठवते, निखळलेले खडे पुन्हा बसवते, घराच्या वाटण्या असल्या की याद्या करून देते. कुणी विचारलं तर दागिना कुठं, केव्हा आणि कोणत्या हातांनी घडला असावा, याचा माग काढते. या कामात पंचवीसेक वर्षं गेली. बहुतेकांना किंमत हवी असते. थोड्यांना काळ हवा असतो. घडवणाऱ्याचं नाव मागणारं माणूस फार क्वचित भेटतं. असं एक माणूस भेटलं आणि त्या एका सेटच्या निमित्ताने या कामाकडे बघायची माझी नजरच बदलली.

उत्तर कर्नाटकात मराठी संस्थानं बरीच होती. मुधोळ आणि संडूर घोरपड्यांचं, जमखंडी पटवर्धनांचं, रामदुर्ग भाव्यांचं. शिवाय लहान जहागिरी वेगळ्या. त्या भागातल्या एका जुन्या घरातल्या आईसाहेब आता बंगळुरात राहतात. त्यांनी एक दिवस पितळी डबा समोर ठेवला. आत मोत्यांची चिंचपेटी, तन्मणी, कुड्या, दंडावरच्या बाजूबंदांची जोडी आणि केसांत घालायची मोठी राखडी. घरात पिढ्यान् पिढ्या त्याला ‘राणीसाहेबांचा सेट’ म्हणत. पुण्याहून एक सोनार लग्नाआधी येऊन वाड्यात राहिला आणि त्यानेच हे सगळं घडवलं, अशी हकिगत त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितली होती. नाती परदेशात, वाटण्या करायच्या. मी किमतीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “किंमत मला ठाऊक आहे गं. मला त्या सोनाराचं नाव हवंय. मुलींना काय सांगू, कुणी केलं?”

नाव शोधायचं तर आपण आधी कागद शोधायला धावतो. माझा अनुभव असा की आधी दागिना उलटा करावा. पुढची बाजू मालकासाठी असते. तिथे घराण्याची ऐपत, त्या काळची आवड आणि खड्यांची श्रीमंती दिसते. कारागीर मागे सापडतो. सांधा कसा मिळवला, कडी कुठे झाळली, पत्रा किती जाड ठेवला, लाख भरून भोक कसं बुजवलं, हे सगळं मागे उघडं असतं. म्हणूनच मी गिऱ्हाइकांना हात जोडून सांगते की दाखवायला आणण्याआधी दागिना उजळून आणू नका. जुना रेशमी गोफ, फटीतली लाख, कडांची झीज, हे सगळे पुरावे असतात आणि उजळण्याच्या पाण्यात ते अर्ध्या तासात निघून जातात.

बाजूबंद मी भिंगाखाली धरला. मागच्या पत्र्यावर कमळ उठवलेलं होतं. पाकळ्यांच्या शिरा छिन्नीने ओढलेल्या, प्रत्येक शीर मुळाशी खोल आणि टोकाला येता येता विरत गेलेली. ही बाजू दंडाला टेकणार, कुणाच्या नजरेस पडणार नाही, तरीही त्या माणसाने एक पाकळी मोकळी सोडलेली नव्हती. वरचा आणि खालचा पत्रा जिथे मिळतात तिथे मोहरीपेक्षा बारीक तीन रवे त्रिकोणात झाळून बसवले होते. सांधा पक्का व्हायला त्यांची काही गरज नव्हती. जोडीतला दुसरा बाजूबंद उलटा केला, त्याच जागी तसेच तीन रवे. राखडीच्या कडेलाही तेच.

तन्मणीच्या खोडाची पाठ मात्र अगदी निराळी निघाली. पांढऱ्या मिन्यावर लाल फुलं आणि हिरवी पानं. जडावाच्या कामात ही मोठी खूण असते. जयपूरकडच्या रिवाजात कुंदनाच्या दागिन्याची पाठ मिन्याने रंगवतात. दक्षिणेत पाठ बहुधा सोन्याचीच ठेवतात आणि ठोकून, कोरून नक्षी उठवतात. म्हणजे बाजूबंद आणि राखडी दक्षिणेतल्या हाताच्या, तन्मणीचं खोड उत्तरेकडच्या रीतीचं. कुड्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या फिरकीचे आटे यंत्रावर पाडलेले, एकसारखे होते. हाताने कापलेले आटे इतके सारखे नसतात. मधलं माणिक भिंगाखाली पाहिलं तर आत वाकड्या, कमानीसारख्या रेषा आणि हवेचे बारीक बुडबुडे. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात. ज्वाळेत भुकटी वितळवून माणिक बनवायची रीत फ्रान्सच्या ओग्युस्त व्हर्नेय यांनी १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर असे खडे जगभरच्या बाजारांत पसरले. तेव्हा हा खडा बहुधा त्यानंतरचाच. चिंचपेटीचे मोती क्ष-किरणाखाली तपासून घेतले, ते समुद्रातले अस्सल निघाले. जपानी कल्चर्ड मोती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून बाजारात आले, त्यामुळे चिंचपेटी बहुधा त्याआधीची.

एकूण हिशेब असा लागला की पुण्याच्या एका सोनाराने एका लग्नासाठी हा सेट घडवलाच नव्हता. निदान तीन काळ आणि तीन ठिकाणचं काम एका डब्यात जमलं होतं. हे आईसाहेबांना सांगताना मला अवघड झालं. घरातल्या हकिगतींना माणसं जिवापाड जपतात आणि आपण भिंग घेऊन त्या मोडायला निघतो, असं वाटतं. त्या मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “म्हणजे सून आली तशी भर पडत गेली. बरोबर आहे. घरंही तशीच वाढतात.” तेव्हापासून मी घरातली हकिगत आधी पूर्ण ऐकून घेते आणि खोडत नाही. तिच्यात तारीख चुकीची असेल, माणूस चुकीचा असेल, पण ती कशासाठी सांगितली गेली हे खरं असतं. वाड्यात सोनार येऊन राहायचा, हा तिच्यातला भाग तर अगदी खरा आहे. राजघराण्यात, जहागिरीत, मोठ्या वतनदारांकडे सोनाराला घरी बसवूनच काम करून घेत. सोनं मालकाचं, जागा मालकाची, वर कारभाऱ्याची नजर. जिथे घडवणारा समोरच बसलेला असे, तिथे त्याच्या नावाची खूण उमटवायची गरज कुणाला वाटावी?

कर्नाटकात राहताना हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण इथल्या दगडावर नावं आहेत. बेलूरच्या १११७ मधल्या मंदिरातल्या मूर्तींखाली बळ्ळिगावीच्या दासोजाचं नाव कोरलेलं आहे, त्याचा मुलगा चावण याचंही. तेराव्या शतकातल्या सोमनाथपूरच्या देवळात मल्लितम्माने आपलं नाव पुन्हा पुन्हा कोरून ठेवलं आहे. कितीतरी ताम्रपटांच्या शेवटच्या ओळीत अक्षरं कोरणाऱ्या विश्वकर्म्याचा उल्लेख सापडतो. दगडाचा कारागीर आणि सोन्याचा कारागीर एकाच परंपरेतले, पंचकारुकांतले. मग एकाचं नाव नऊशे वर्षं टिकलं आणि दुसऱ्याचं का नाही?

याचं उत्तर माझ्या माहेरच्या धंद्यातच आहे. दगड कुणी आटवत नाही. सोनं दागिना असतं तोवर असतं, नड आली की त्याचा पैसा होतो. लग्न, दुष्काळ, लढाई, वाटणी, यांतलं काहीही आलं की सोनं मुशीत जातं आणि नवं रूप घेतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचं सोन्याचं सिंहासन फोडून त्याचे तुकडे लुटीच्या वाटणीत गेले. त्यावरची काही रत्नजडित वाघमुखं इंग्लंडात टिकली, २००९ आणि २०१० मध्ये त्यांतली काही लंडनच्या लिलावात लाखो पौंडांना गेली. ती कुणी लुटली, कुणाकडून कुणाकडे गेली, याचे कागद निघतात. ते कोंदण बसवणाऱ्याचं नाव मात्र निघत नाही. त्र्यंबकेश्वरच्या ‘नासक’ हिऱ्याचंही तसंच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला गेला, तिथे त्याला नवे पैलू पडले, पुढे हॅरी विन्स्टन यांनी १९४० मध्ये तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरेटचा केला. त्या खड्याचे तेव्हापासूनचे मालक नोंदलेले आहेत. तो ज्या दागिन्यात बसवला होता, त्याच्या सोनाराबद्दल एक अक्षर नाही.

दुसरं कारण मला एका म्हाताऱ्या सोनारांनी शिकवलं. विश्वकर्मा घराण्यातले, पेटेतच जन्मलेले. आम्ही सगळे त्यांना ताता म्हणायचो. बाजूबंद त्यांच्यापुढे ठेवून मी विचारलं, “ताता, हा कुणी केला असेल?” त्यांनी तो बोटांत फिरवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, “कुणी म्हणजे? किती जणांनी, असं विचार.” मग एकेक जागा दाखवत गेले. पत्रा ठोकून उठाव आणणारा एक. खड्यांखाली चांदीचा वर्ख घालून, कुंदन दाबून ते पक्के करणारा जडिया दुसरा. रेशमी गोफ विणून गाठवणारा पटवेकरी तिसरा. मिन्याचं काम असेल तर चौथा. शिवाय नमुना काढून देणारा वेगळा आणि या सगळ्यांना सोनं तोलून देणारा, परत घेणारा सराफ वेगळा. एका नावाचा हट्ट धरला तर बाकीच्या चौघांना आपणच पुसतो. मी तोवर एक माणूस शोधत होते. त्या दिवसापासून हात शोधायला लागले. ठोकणाऱ्याचा हात, कोरणाऱ्याचा हात, गाठवणाऱ्याचा हात, सगळे वेगळे नोंदवते.

तातांनीच मला हेही सांगितलं की ही साखळी त्यांच्या डोळ्यांदेखत तुटली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरेटचं सोनं कडक, त्यात कुंदन होत नाही, ठोकून नक्षी नीट उठत नाही. देशभर लाखो सोनार एका फटक्यात बसून राहिले, काहींनी जीव दिले. पुढे नियम सैल झाले, १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्दही झाला, पण मधल्या काळात एक पिढी निघून गेली. तातांचा धाकटा भाऊ एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात लागला. नाजूक काम करणारे हात तिथे हवेच होते. “त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता,” ताता म्हणायचे. त्या भावाने घडवलेला एकही दागिना आज कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

राखडीच्या मागे टोकदार सुईने ओरखडलेली काही अक्षरं होती. मला ती आधी नक्षीतली रेघ वाटली, मग लक्षात आलं की ती मोडी आहे. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी ती वाचून दिली. एक अनुक्रमांक आणि वजन, तोळे-मासे-गुंजांत. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. ही जामदारखान्याची खूण, आत-बाहेर करताना दागिना पडताळून पाहण्यासाठी. याचा अर्थ वाड्यात कधीतरी यादी असणार. आईसाहेबांच्या घरी जुन्या कागदांचे रुमाल बांधून माळ्यावर ठेवलेले होते, कुणी उघडले नव्हते. मास्तर आणि मी ते सोडत बसलो. धान्याचे, घोड्यांच्या दाण्याचे, देवस्थानच्या वर्षासनाचे हिशेब. त्यांतच जवाहिराची यादी निघाली आणि राखडीचा अनुक्रमांक तिच्याशी जुळला. माझा हात थरथरत होता, हे मी मोकळेपणाने सांगते. यादीच्या पुढच्या बंदात मजुरीचा जमाखर्च होता. सोनं किती दिलं, लाख किती, रेशीम किती, घट किती धरली, मजुरी किती चुकती केली. सोनं ज्याच्या हवाली केलं त्या सराफाचं नाव गावासकट लिहिलेलं, कारण तो जामीन होता. आणि खाली एवढंच: सोनार, मजुरी.

तो कागद मी फार वेळ बघत राहिले. लिहिणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. हिशेबाला जेवढं लागतं तेवढं त्याने चोख लिहिलं होतं. सोनं बुडालं तर कुणाला धरायचं, हे त्याला माहीत असायला हवं होतं, म्हणून सराफाचं नाव आलं. घडण चांगली झाली तर कुणाला दाद द्यायची, हा हिशेबाचा विषय नव्हता. पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की हे सगळीकडेच असं आहे. मुघल दरबारातल्या सोनारांपैकी ज्यांची नावं आज माहीत आहेत त्यांतला सईदा-ए-गीलानी हा त्यांचा दरोगा होता, कवी आणि सुलेखनकार होता. जहांगीराने त्याला बेबदल खान असा किताब दिला, मयूरासनाचं काम शाहजहानच्या काळात त्याच्या देखरेखीखाली झालं. देखरेख करणाऱ्याचं नाव उरलं, त्याच्या हाताखालच्यांची उरली नाहीत.

पॅरिसच्या पेढ्यांचा इतिहास वाचताना मला हेवा वाटतो, तो त्यांच्या वह्यांचा. इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये शोमे या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले. पुढे त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्यासाठी मोबुसाँ पेढीने ते हारात बसवले, आणि बेर्नार बुते द मॉन्व्हेल या चित्रकाराने काढलेल्या त्यांच्या चित्रामुळे ते हिरे जगाला ठाऊक झाले. पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तिएने १९२८ मध्ये २,९३० हिऱ्यांचा हार केला. तो १९४८ च्या सुमारास खजिन्यातून नाहीसा झाला आणि १९९८ मध्ये त्याचा सांगाडा लंडनच्या एका जुन्या दागिन्यांच्या दुकानात कार्तिएच्याच माणसाला दिसला. त्याला तो ओळखू आला, कारण पेढीने जुनी चित्रं आणि नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या कारागिरांपेक्षा आमचे कारागीर तसूभरही कमी नव्हते. त्यांच्या पेढीवर लिहून ठेवायची सवय होती, आमच्या वाड्यांत फक्त तोलून ठेवायची.

२०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात निजामांचे दागिने मांडले होते, ते बघायला मी मुद्दाम गेले. भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतलेले १७३ दागिने, त्यात तो प्रसिद्ध जेकब हिरा. लोक हिऱ्याभोवती गर्दी करून उभे होते. मी बाजूबंदांच्या कपाटापाशी वाकून त्यांची पाठ दिसते का ते बघत होते. पाट्यांवर काळ होता, ठिकाण होतं, मालक तर होतेच. घडवणाऱ्याचं नाव शोधून सापडेना. एवढ्या मोठ्या खजिन्याची ही गत, तर एका जहागिरीच्या रुमालात नाव मिळालं नाही याचं दुःख किती करायचं, असं वाटलं आणि मन जरा निवळलं.

या कामात मोह फार असतात, तेही सांगायला हवं. एका व्यापाऱ्याने माझ्याकडे एक जुना हार आणला. काम दक्षिणेतलं, चांगलं, पदकात गंडभेरुंड. हा दोन तोंडांचा पक्षी म्हैसूरच्या राजचिन्हावर आहे. तेवढ्यावर “म्हैसूर राजवाड्याच्या कारखान्यातला” असं मी लिहून द्यावं, असा त्याचा आग्रह होता. एका ओळीने किंमत दुप्पट झाली असती. गंडभेरुंड कर्नाटकात देवळांवर, सणंगांवर, घरगुती पदकांवरही सापडतो. चिन्हावरून घराणं ठरत नाही आणि घराण्यावरून कारागीर ठरत नाही. मी लिहून दिलं नाही, त्याने पुन्हा काम दिलं नाही. नाव नसलेल्या कामाला खोटं नाव चिकटवणं मला आटवण्यापेक्षा वाईट वाटतं. आटवलं तर निदान कुणाच्या श्रमाचं श्रेय भलत्याला जात नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आईसाहेबांच्या नाती परदेशात, त्यामुळे कोणता दागिना कोणत्या काळातला हे मोघम ठेवून चालणार नव्हतं. तीन काळांचं गणित घरातल्यांना प्रथम नकोसं वाटलं होतं. वाटणी करताना त्यालाच धरून निर्णय झाला. बाजूबंद, राखडी, तन्मणी आणि चिंचपेटी इथेच राहायचं ठरलं.

यानंतर बऱ्याच दिवसांनी एका चुलतभावाचा फोन आला. त्याची गलाई अजून नगरथपेटेतच आहे. मोडीत आलेलं काही वेगळं दिसलं तर भट्टीत घालण्याआधी मला कळवायचं, असं मी नात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. मजुरीचं नुकसान होणार नाही याची काळजी मी घेते, त्यामुळे ते ऐकतात. एक वाकी आली होती, चेपलेली, खडे निघून गेलेली, कोंदणांची घरं रिकामी. मी ती उलटी केली. पाठीवर कमळ, पाकळ्यांच्या शिरा मुळाशी खोल आणि टोकाला विरत गेलेल्या. सांध्यापाशी तीन रवे, त्रिकोणात. दुसऱ्या बाजूला पाहिलं, तिथेही. वाकी दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून फिरत आलेली, मूळ कुठली हे कुणाला सांगता आलं नाही. मी ती सोन्याच्या भावाने विकत घेतली.

नाव अजून मिळालेलं नाही. पण आता त्या हाताची दोन ठिकाणी सापडलेली कामं मला ठाऊक आहेत, त्याच्याबरोबर काम केलेल्या सराफाचं नाव आणि गाव ठाऊक आहे, आणि तो छिन्नी कुठे दाबायचा, कुठे उचलायचा हेही ठाऊक आहे. आईसाहेबांना दिलेल्या यादीत कारागीर या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं नाही. ‘सांध्यावर तीन रवे देणारा, दक्षिणी घडणीचा हात, सराफ अमुक, गाव अमुक, आणखी एक काम पाहिलेलं’ असं लिहिलं. माझ्यानंतर कुणी शोधायला बसलं तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. आईसाहेबांनी तो रकाना दोनदा वाचला आणि नातीला फोनवर वाचून दाखवला.

आज काय होतं आहे तेही पाहायला हवं. २०२१ पासून दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक येतो आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. त्या क्रमांकावरून विकणारा सराफ कळतो, तपासणी केंद्र कळतं, कस कळतो. ग्राहकाची फसवणूक थांबायला हे फार मोलाचं आहे. पण घडवणारा त्यात कुठेच नाही. आज नगरथपेटेतल्या माड्यांवर बंगालमधून आलेली पोरं दिवसाचे बारा-बारा तास बसून बारीक काम करतात. शंभर वर्षांनी कुणी त्यांचं काम उलटं करून बघेल तेव्हा त्यालाही सराफाचं नाव मिळेल आणि खाली नुसता सोनार, मजुरी. त्या मोडी कागदातली रीत आपण संगणकावर चालू ठेवली आहे.

म्हणून माझ्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामासोबत आता एक कागद जातो. पत्रा कुणी ठोकला, खडे कुणी बसवले, कुणी गाठवलं, दुरुस्ती कोणत्या जागी झाली, मागच्या बाजूचा फोटो. पहिल्यांदा हा कागद केला तेव्हा एका जडियाने विचारलं, “दीदी, काही बिघडलं तर मला पकडायला का?” त्याचं विचारणं रास्त होतं, कारण त्याचं नाव आजवर कुणी विचारलं ते पकडण्यासाठीच. मी त्याला बाजूबंदाची पाठ दाखवली, ते तीन रवे दाखवले. आता तो कागदावर सही करताना गावाचं नावही घालतो आणि खाली तारीख लिहिली का हे मलाच विचारतो.

वाचणाऱ्यांच्या घरीही आजीची एखादी पाटली, पणजीची वज्रटीक किंवा तुटलेला बाजूबंद असेल. नड असेल तर तो मोडायला काहीच हरकत नाही, सोनं त्यासाठीच घेतलेलं असतं. फक्त सराफाकडे जाण्याआधी त्याची मागची बाजू उजेडात धरा, फोटो काढा, वजन लिहा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कुठे करून घेतलं होतं, कुणाकडून. नवीन घडवून घ्याल तेव्हा घडणावळीवर घासाघीस करण्याआधी घडवणाऱ्याचं नाव विचारा, ते बिलावर लिहून घ्या आणि ते बिल दागिन्याच्या डबीतच ठेवा.